जुन्या जीपचा झिजलेला ब्रेक: पुरावा कुठे असतो?

समजा, एक जुनी जीप ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढते. मिस्त्रीनं पुढची दोन्ही चाकं उघडली. डावीकडचे लायनर पार घासलेले, रिव्हेट ड्रमला लागायच्या बेतात. उजवीकडचे मात्र जवळजवळ नव्यासारखे. खराब चाक कोणतं? बहुतेक जण डावं म्हणतील. नवे लायनर डावीकडे बसतील, बिल होईल, आणि काही महिन्यांनी तीच गाडी त्याच तक्रारीसह परत येईल.

मी विज्ञानातून संशोधनाकडे आलोय आणि 'पुरावा म्हणजे काय' हे समजावायला मला हे उदाहरण फार आवडतं. पण आधी ही जीप आपल्याकडे आली कशी ते बघू, कारण त्या इतिहासाशिवाय तिचा ब्रेक कळत नाही.

महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. १९४९ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी होऊ लागली. त्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ ठिकाणी समूह विकास प्रकल्प सुरू झाले आणि ग्रामीण भागात 'सरकार आलं' याची खूण म्हणजे जीप हे समीकरण हळूहळू पक्कं झालं. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९६२ ला पंचायत समित्या आल्या. राज्य बदललं, खाती बदलली, गटविकास अधिकाऱ्याची जीप मात्र राहिली. सरकारी आणि लष्करी लिलावातून अशा गाड्या पुढे शेतकऱ्यांकडे, ठेकेदारांकडे गेल्या. काही काळी-पिवळी म्हणून माणसं वाहू लागल्या. म्हणजे आज आर्वी किंवा समुद्रपूरकडे एखादी जुनी जीप दिसली, तर तिचे तीन-चार मालक तरी झालेले असणार आणि प्रत्येकानं काही ना काही बदललेलं असणार. इतिहासाचे विद्यार्थी जुन्या पोथीवरचे वेगवेगळे हात ओळखतात ना, तसंच हे.

आता ब्रेक. लुई रेनोनं १९०२ मध्ये ड्रम ब्रेकला आजचं रूप दिलं. माल्कम लॉकहीडनं १९१७ मध्ये तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. हा माल्कम विमानवाल्या लॉकहीडचाच भाऊ. १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असा ब्रेक आला. या पद्धतीचं तत्त्व पास्कलचं: बंद द्रवात दाब सगळीकडे सारखा पोचतो. जुन्या जीपमध्ये एकच मास्टर सिलिंडर, एकच सर्किट. त्यामुळे डाव्या आणि उजव्या चाकाला पोचणारा दाब सारखाच असायला हवा. झीज सारखी नसेल, तर फरक चाकाजवळ कुठेतरी आहे.

थांबा, इथे एक सापळा आहे. एकाच चाकातले दोन शू मुळात सारखे झिजत नाहीत, आणि तो दोष नाही. जीपमध्ये सिलिंडर वर आणि शूचे आधारपिन खाली असतात. गाडी पुढे जाताना पुढच्या बाजूच्या शूला घर्षण ड्रमकडे आणखी ओढतं, मागच्या शूला ढकलून लावतं. साधं गणित करू. घर्षणांक ०.४ आणि आधारपिनापासूनची दोन्ही अंतरं सारखी धरली, तर दोन शूंवरच्या दाबाचं गुणोत्तर १.४ भागिले ०.६, म्हणजे सुमारे २.३ येतं. प्रत्यक्ष शू वक्र असतो, आकडा थोडा बदलेल; दिशा बदलणार नाही. थिओडोर राय यानं १८६० मध्ये मांडलं होतं की झिजलेलं द्रव्य घर्षणानं केलेल्या कामाच्या प्रमाणात असतं. जॉन आर्चर्डचा १९५३ चा झिजेचा नियम त्याच अंगानं जातो. मग पुढचा शू जास्त झिजणं हे नियमाला धरूनच झालं. त्याचप्रमाणे ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, म्हणून पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त झिजतात. तुलना करायचीच तर डाव्या चाकाच्या पुढच्या शूची उजव्या चाकाच्या पुढच्या शूशी करा. प्रयोगशाळेत आपण 'कंट्रोल' म्हणतो तो हाच, आणि गॅरेजमध्ये तो फुकट मिळतो.

आता सुरुवातीच्या जीपकडे. उजव्या चाकाच्या लायनरला हबचं ग्रीस लागलंय असं समजा. तिथलं घर्षण कमी झालं. गाडी नेहमीच्या अंतरात थांबवायला ड्रायव्हर पेडल जास्त दाबतो. तो जादा दाब डाव्या चाकावरही जातो, तिथलं घर्षण शाबूत आहे, म्हणून सगळं काम तेच करतं. गाडी डावीकडे ओढते आणि डावा लायनर संपतो. झिजलेलं चाक निरोगी आहे, नवंकोरं दिसणारं आजारी! उजव्या चाकाच्या सिलिंडरचा पिस्टन गंजून आत अडकला असेल तरी हेच चित्र दिसतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पावसाळाभर गोठ्याजवळ उभी राहिलेली जीप दसऱ्याला बाहेर काढली की असे अडकलेले पिस्टन हमखास सापडतात.

पण निष्कर्षाकडे पळू नका. डावा ब्रेक सुटतच नसेल, तरी डावंच झिजेल आणि गाडी डावीकडेच ओढेल. दोन गृहीतकं, एकच निरीक्षण. शिवाय थोडंसं तेल लागलेला लायनर कधी कधी उलट जास्तच पकडतो. मग वेगळा पुरावा शोधायचा, आणि तो म्हणजे उष्णता. झीज हे जुनं दफ्तर आहे, कित्येक महिन्यांची बेरीज. उष्णता ही आजची बातमी. मोकळ्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर, शक्य तितका ब्रेक न लावता गाडी चालवा आणि लगेच चारही ड्रमचं तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्तात मिळतो. ब्रेक न लावता डावा ड्रम तापला, तर तो अडकतोय. तापला नाही, तर संशय उजवीकडे. ही चाचणी टू-व्हील ड्राइव्हमध्येच करा. फोर-व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट जोडलेले असतात, मग कोणतं चाक कोणाला अडवतंय ते झाकलं जातं.

अडकतंय असं ठरलं, तर चाक उचला (जॅकवर भरवसा नको, खाली ठोकळे लावा), पेडल दाबून सोडा आणि चाक हातानं फिरवा. फिरत नसेल तर त्या चाकाचा ब्लीडर किंचित उघडा. चाक मोकळं झालं म्हणजे दाब अडकला होता: होज पाईप आतून फुगलाय किंवा दोष आणखी मागे आहे. मोकळं नाही झालं, तर स्प्रिंग, ॲडजस्टर किंवा पिस्टन. मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच होज असतो, म्हणून तो फुगला की दोन्ही चाकं एकदम धरतात. चारही धरली, तर पेडलचा खेळ आणि मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र आधी तपासा. एकेका पायरीला निम्मे संशयित सुटतात. याउलट शू, सिलिंडर, होज सगळं एकाच दिवशी बदललं, तर गाडी सुधारेल कदाचित, पण कशानं सुधारली ते कायमचं हरवेल.

हँडब्रेकवर मात्र खापर फोडू नका. विलीज घराण्याच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांना नसतोच, तो ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. आजच्या गाड्यांवर शिकलेला मिस्त्री मागचे लायनर बघून 'हँडब्रेक ओढून चालवली' म्हणतो, तेव्हा तो दुसऱ्याच गाडीचा इतिहास सांगत असतो.

उरली माती. वर्ध्याची काळी माती चिकट आहे, पण तिचे कण मऊ चिकणमातीचे. ड्रमवर चरे पाडतात ते मुख्यतः वाळू आणि मुरूम. आपण डावीकडून गाडी चालवतो, समोरून ट्रक आला की डावी चाकं कडेच्या मुरमावर उतरतात. तेव्हा डावे ड्रम जास्त चरत असतील का? मला हे गृहीतक पटण्यासारखं वाटतं, पण एका जीपवरून ते सिद्ध होणार नाही. बऱ्याच गाड्यांचे डावे-उजवे ड्रम व्हर्नियरनं मोजावे लागतील, आणि ड्रम कधी लेथवर टर्न केला होता हेही मालकाला विचारावं लागेल.

मोजायला गेलात तर एक कराच: ड्रममधली धूळ हवेच्या पाईपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि फुप्फुसात गेलेला त्याचा तंतू अनेक दशकांनंतर कर्करोग घडवू शकतो. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बंद करा. शेजारी उभ्या असलेल्या पोऱ्यालाही हे सांगा, कारण पाईप बहुतेक वेळा त्याच्याच हातात असतो.