जमिनीलगतचे उड्डाण : चुकीला वाव न देणारी उंची

नाशिककरांना आकाशातील घरघर नवी नाही. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, तर नाशिक रोड परिसरात २००३ पासून लष्कराच्या वैमानिकांना प्रशिक्षण देणारी संस्था आहे. शत्रूच्या रडारला चुकवण्यासाठी डोंगर व झाडांच्या आडोशाने उडणे ही लष्कराची गरज असते आणि त्यासाठी वैमानिकांना खास तयार केले जाते. दोन-चार आसनांच्या, एका इंजिनाच्या नागरी विमानाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याला जमिनीलगत उडण्याचे सहसा काहीच कारण नसते; तरीही असे उड्डाण जीवघेणे ठरल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत.

नियम काय सांगतो?

दृश्य नियमांनुसार उडणाऱ्या विमानाने मोकळ्या प्रदेशात जमिनीपासून किंवा पाण्यापासून किमान १५० मीटर, म्हणजे सुमारे ५०० फूट उंची राखावी लागते. दाट वस्तीवर ही मर्यादा दुप्पट होते. तेथे ६०० मीटरच्या परिघातील सर्वांत उंच अडथळ्याच्याही वर ३०० मीटर असावे लागते. अपवाद उड्डाण घेण्याचा, उतरण्याचा व खास परवानगीचा.

उंची म्हणजे वेळ

हलक्या विमानाचे इंजिन बंद पडले तरी ते दगडासारखे कोसळत नाही. तरंगत खाली येते. सर्वसाधारणपणे ते जेवढ्या उंचीवर असेल त्याच्या नऊपट अंतर कापू शकते. एक हजार मीटरवरील वैमानिकाला सुमारे नऊ किलोमीटरच्या टप्प्यात शेत शोधता येते आणि हाताशी चार मिनिटांहून अधिक वेळ असतो. १५० मीटरवर हेच अंतर जेमतेम सव्वा ते दीड किलोमीटर व वेळ सुमारे ४० सेकंद उरतो. इंजिन पुन्हा सुरू करणे, वाऱ्याची दिशा पाहणे, जागा निवडणे आणि संदेश देणे हे सारे तेवढ्यात उरकायचे असते.

वळणाचा धोका याहून फसवा आहे. विमान ६० अंश कलते करून उंची राखत वळवले, तर पंखांवरील भार दुप्पट होतो आणि विमान तरंगत ठेवणारा किमान वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. ओळखीचे घर पाहण्यासाठी किंवा मित्रांना कसरत दाखवण्यासाठी घट्ट गिरकी घेणारा वैमानिक नेमका याच सापळ्यात सापडतो. पंखांची उचल संपून विमान गरगरू लागले, तर सावरण्यास शेकडो फूट लागतात. जमिनीलगत तेवढी जागाच नसते.

न दिसणाऱ्या तारा

वैमानिकाला मनोरे लांबून दिसतात, त्यांमधील तार दिसत नाही. ताशी १८० किलोमीटर वेगाने विमान सेकंदाला ५० मीटर पुढे सरकते. तार नजरेस पडेपर्यंत टाळण्याची वेळ निघून गेलेली असते. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाहून निघालेले प्रशिक्षण विमान महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवर वैनगंगा नदीवरील आडव्या तारेला धडकून नदीत कोसळले. प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी तरुणी, दोघेही मृत्युमुखी पडले. नदीचे पात्र वरून मोकळे वाटते. पण पूल, वीजवाहिन्या आणि दोरखंड त्यालाच आडवे जातात.

डोंगर आणि ऊन

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. विमानातील उंचीमापक समुद्रसपाटीवर लावलेला असेल, तर काट्यावरील ७५० मीटर म्हणजे जमिनीपासून फक्त १५० मीटर. त्र्यंबकेश्वरकडील अंजनेरी, ब्रह्मगिरी तर १२०० मीटरहून उंच आहेत. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा खाली लोटते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ती विरळ झाल्याने इंजिनाची ताकद व चढण्याचा वेग दोन्ही घटतात. चढ विमानापेक्षा वेगाने वाढू लागला आणि दरी अरुंद असली, की मागे वळण्यासही जागा उरत नाही.

डोंगराळ भागात मदत पोहोचणेही अवघड असते. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला. जखमी प्रशिक्षणार्थी तरुणीला आदिवासी ग्रामस्थांनी झोळीतून खाली आणले. त्या झोळीसाठी एका महिलेने आपली साडी दिली होती.

आपली जबाबदारी

जमिनीलगतचे आकाश केवळ विमानांचे राहिलेले नाही. संक्रांतीला येवल्यात पतंगांची गर्दी होते, तर नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. २०२१ च्या नियमांनुसार हरित क्षेत्रात ड्रोन १२० मीटरपर्यंत उडवता येतो, म्हणजे विमानाच्या किमान उंचीपेक्षा अवघा ३० मीटर खाली. ड्रोनचालकाने मर्यादा ओलांडणे किंवा वैमानिकाने थोडे खाली येणे, यांपैकी एक चूकही पुरेशी आहे.

वैमानिकासाठी उपाय साधे आहेत. मार्गातील तारा व मनोरे नकाशावर आधीच पाहावेत, वीजवाहिनी ओलांडावीच लागली तर मनोऱ्याच्या माथ्यावरून ओलांडावी, दरीत मधोमध न जाता एका कडेने उडावे आणि हवामान बिघडल्यास ढगाखाली दबत पुढे जाण्याऐवजी वेळीच परतावे. जमिनीवरून हात हलवणाऱ्यांनीही विमान आणखी खाली यावे, असा आग्रह धरू नये.