खुले चित्र, राखीव नाव: ओपन सोर्स बोधचिन्हांचा इतिहास

संगणकाच्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता यावी, या तत्त्वावर ओपन सोर्स चळवळ उभी आहे, आणि या तत्त्वाला कायद्याचा आधार आहे तो प्रताधिकाराचा: निर्माता आपला हक्क सोडून देत नाही, तर त्याच हक्काच्या बळावर लेखी परवाना देऊन इतरांना मोकळीक देतो. बोधचिन्हाला मात्र एकाच वेळी दोन कायदे लागू होतात. चित्र म्हणून ते प्रताधिकाराखाली येते, तर अमुक वस्तू अमुक निर्मात्याची आहे हे सांगणारी खूण म्हणून ते व्यापारचिन्हाच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या, कायद्याखाली येते. संहिता हजारो जणांनी बदलली तरी मूळ संहितेचे काही बिघडत नाही. खूण मात्र कोणीही कशावरही लावू लागला, तर ती खूण म्हणून निकामी होते. ओपन सोर्स प्रकल्पांच्या बोधचिन्हांचा इतिहास हा या पेचातून वाट काढण्याचा इतिहास आहे.

आरंभीच्या काळात हा पेच कोणाच्या ध्यानात आला नव्हता. बर्कले विद्यापीठात वाढलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीचे, म्हणजे बीएसडीचे, शिंगे-शेपटीचे 'डीमन' हे शुभचित्र, म्हणजे मॅस्कॉट, ज्या परंपरेतून आले, तिचा उगम फिल फोग्लिओ यांनी १९७६ मध्ये काढलेल्या व्यंगचित्रांत आहे. ॲनिमेशनपटांसाठी पुढे विख्यात झालेले जॉन लॅसेटर यांनी बीएसडीच्या पुस्तिकांसाठी त्याला नवे रूप दिले, आणि प्रताधिकार मार्शल कर्क मॅक्युसिक या संगणकशास्त्रज्ञाकडे राहिला. संहिता मुक्त, पण तिचे चित्र एका व्यक्तीच्या परवानगीवर अवलंबून, अशी ही स्थिती होती. ती सौजन्यामुळे निभावली, नियमामुळे नव्हे. फ्रीबीएसडी प्रकल्पाने २००५ मध्ये स्पर्धा घेऊन शिंगे असलेल्या गोलाचे स्वतंत्र बोधचिन्ह स्वीकारले आणि डीमनकडे शुभचित्राची भूमिका तेवढी राहिली.

लिनक्सच्या पेंग्विनने वेगळा पायंडा पाडला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना खाऊन-पिऊन तृप्त बसलेला पेंग्विन हवा होता. १९९६ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील लॅरी युइंग यांनी तो 'गिम्प' या मुक्त चित्र-आज्ञावलीच्या ०.५४ या अगदी आरंभीच्या आवृत्तीत रंगवला. बोधचिन्हासाठी झालेल्या तीन स्पर्धांपैकी एकही या चित्राने जिंकली नाही, आणि म्हणूनच 'टक्स' हे लिनक्सचे बोधचिन्ह नसून शुभचित्र मानले जाते. युइंग यांनी दिलेली मुभा एका वाक्याची होती: चित्र वापरावे, बदलावे, आणि कोणी विचारल्यास चित्रकाराचा व गिम्पचा उल्लेख करावा. वकिलांच्या मसुद्याविना लिहिलेल्या या वाक्याने जे साधले ते पुढच्या अनेक पानी धोरणांना साधता आले नाही. जगभरच्या गटांनी टक्सला आपापले पोशाख चढवले आणि तरीही तो लगेच ओळखू येतो. लिनक्सच्या गाभ्याच्या संहितेत, म्हणजे कर्नलमध्ये, हे चित्र पीपीएम नावाच्या स्वरूपात साठवलेले आहे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग तेथे साध्या आकड्यांत लिहिलेला आहे. चित्र आणि संहिता यांतील अंतर येथे अक्षरशः नाहीसे झालेले दिसते. २००९ मध्ये २.६.२९ या आवृत्तीपुरता टक्सच्या जागी 'टझ' हा टास्मानियन डेव्हिल आला, कारण रोगाने संकटात सापडलेल्या त्या प्राण्याकडे लक्ष वेधायचे होते. खूण एका आवृत्तीसाठी बदलण्याची ही मोकळीक एखाद्या व्यापारी कंपनीच्या कल्पनेतही बसली नसती.

चित्र इतके मोकळे असताना लिनक्स या नावाला मात्र त्याच सुमारास धडा मिळत होता. लिनक्सशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीने अमेरिकेत ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले होते आणि १९९६ मध्ये लिनक्स विकणाऱ्या कंपन्यांकडे मोबदला मागितला. वाद होऊन १९९७ मध्ये ते चिन्ह टोरवाल्ड्स यांच्याकडे आले. नाव राखले नाही तर दुसराच कोणी ते बळकावू शकतो, हे यातून कळले.

या दोन अनुभवांचा सर्वांत विचारपूर्वक मेळ डेबियन या लिनक्स-वितरणाच्या प्रकल्पाने घातला. १९९७ च्या डेबियनच्या मुक्तता-निकषांत, ज्यांच्यावरून पुढच्याच वर्षी ओपन सोर्सची व्याख्या बेतली गेली, बदललेल्या आवृत्तीला वेगळे नाव घ्यायला लावण्याची सवलत मूळ कर्त्याला आधीच होती. म्हणजे संहितेची मुक्तता आणि नावाची राखण एकत्र नांदू शकतात हे तत्त्वतः मान्य झाले होते. १९९९ मध्ये राऊल सिल्व्हा यांचे लाल वळशाचे बोधचिन्ह निवडले गेले, तेव्हा त्याची दोन रूपे ठरवण्यात आली: नुसता वळसा हे सर्वांसाठी खुले चिन्ह, आणि बाटलीतून निघणारा वळसा हे प्रकल्पाच्या अधिकृत कामापुरते राखीव चिन्ह. चाहत्याला प्रेम दाखवण्यासाठी एक खूण आणि संस्थेला सही करण्यासाठी दुसरी, ही विभागणी या संपूर्ण इतिहासातील सर्वांत शहाणी कल्पना म्हणावी लागेल. २०१२ मध्ये खुल्या चिन्हाचा परवानाही डेबियनच्या स्वतःच्या निकषांत बसणारा करण्यात आला.

या निकषांबाबत डेबियन किती काटेकोर होता हे मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरच्या प्रकरणात दिसले. पृथ्वीगोलाला वेढणाऱ्या कोल्ह्याचे चित्र, जे जॉन हिक्स यांनी सिद्ध केले आणि २००४ मध्ये प्रचारात आले, ते संहितेसारख्या मुक्त परवान्याखाली नव्हते. म्हणून डेबियन ते गाळून फायरफॉक्स हे नाव तेवढे वापरत असे. चिन्हाशिवाय नाव वापरता येणार नाही आणि नाव वापरायचे तर केलेले बदल आधी मान्य करून घ्यावे लागतील, अशी भूमिका मोझिलाने २००६ मध्ये घेतली. डेबियनने त्याच संहितेला 'आइसवीझल' हे नाव आणि वेगळे चित्र दिले, आणि ही ताटातूट २०१६ पर्यंत टिकली. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी रास्त होते: सदोष किंवा घातक आवृत्ती आपल्या नावाने फिरू नये ही मोझिलाची चिंता खोटी नव्हती, आणि बदलता न येणारे चित्र मुक्त संग्रहात ठेवायचे नाही हा डेबियनचा आग्रहही पोकळ नव्हता. लाखो वापरकर्त्यांना मात्र दहा वर्षे एकच आज्ञावली दोन नावांनी ओळखावी लागली.

लिनक्सची वितरणे बनवणाऱ्या रेड हॅटसारख्या कंपन्यांनी यावर व्यवहारी तोडगा काढला. बोधचिन्हे, पार्श्वचित्रे आणि नावाच्या पट्ट्या संहितेत विखुरलेल्या न ठेवता एका स्वतंत्र पुडक्यात, म्हणजे पॅकेजमध्ये, बांधण्यात आल्या. ते पुडके काढून दुसरे बसवले की उरलेले सर्व साहित्य निर्वेधपणे पुन्हा वाटता येते. रेड हॅटच्या संहितेवर बेतलेली सेंटओएससारखी वितरणे २००४ पासून याच वाटेने गेली.

परवानगीइतकाच महत्त्वाचा, पण कमी चर्चिला गेलेला प्रश्न साधनाचा आहे. जीपीएल या मुक्त आज्ञावलींच्या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीने 'मूळ संहिता' म्हणजे बदल करण्यासाठी सोयीचे रूप अशी व्याख्या केली होती. चित्राला ती लावली तर, ठिपक्यांनी बनलेली लहानशी प्रतिमा देणे म्हणजे जवळजवळ काहीच न देणे, कारण ती मोठी केली की फाटते आणि तिचे घटक सुटे करता येत नाहीत. २००१ मध्ये मान्य झालेले एसव्हीजी हे स्वरूप रेषा आणि वक्र गणिती वर्णनाने नोंदवते, आणि २००३ पासून इंकस्केप या मुक्त आज्ञावलीत ते संपादित करता येऊ लागले. बोधचिन्हालाही खऱ्या अर्थाने 'संहिता' लाभली ती तेव्हा. परवानगीच्या बाजूनेही वाट सुकर होत गेली. गो या संगणकभाषेसाठी रेने फ्रेंच यांनी काढलेले गोफर प्राण्याचे शुभचित्र क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार परवान्यांपैकी श्रेयोल्लेखाची अट असलेल्या परवान्याखाली खुले झाले. प्रताधिकारापुरती मोकळीक देऊन व्यापारचिन्हाचा हक्क वगळण्याची रीतही परवान्यांत लेखी उतरली: अपाचे परवान्याच्या २००४ च्या आवृत्तीत आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत ती स्पष्ट शब्दांत आहे.

मराठी वाचकाशी थेट संबंध असलेले उदाहरण विकिपीडियाच्या कोड्याच्या तुकड्यांच्या गोलाचे आहे. २००३ मध्ये स्वीकारलेल्या या चिन्हावर अनेक लिप्यांतील अक्षरे होती, त्यांत देवनागरी 'वि' हे अक्षर सदोष उमटले होते, आणि २००७ मध्ये ही चूक न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्रातही चर्चिली गेली. ज्या ज्ञानकोशातील कोणतेही वाक्य कोणीही दुरुस्त करू शकतो, त्याच्याच माथ्यावरचे अक्षर वर्षानुवर्षे चुकीचे राहिले, कारण चिन्ह विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या मालकीचे होते आणि ते पानाप्रमाणे संपादनासाठी खुले नव्हते. २०१० मध्ये गोल त्रिमितीय प्रतिमेच्या रूपात नव्याने घडवला गेला, तेव्हा 'वि' हे अक्षर सुधारले. २०१४ मध्ये फाउंडेशनने या चित्राचा प्रताधिकार क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला आणि व्यापारचिन्हावरचा हक्क आपल्याकडे ठेवला.