हॉथॉर्नचे दिवे

मॅनेजमेंटच्या कुठल्याही ट्रेनिंगला जा, दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर 'हॉथॉर्न इफेक्ट' भेटतोच. आपल्याकडे कुणी लक्ष देतंय म्हटलं की माणसं जास्त काम करतात! गोष्ट मोठी गोड आहे. पण ती जन्मली कशी, हे त्याहून मजेशीर आहे.

अमेरिकेत शिकागोजवळ सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न नावाचा अवाढव्य कारखाना होता. टेलिफोनची यंत्रं बनवणारा. दिवे विकणाऱ्या कंपन्यांना सिद्ध करायचं होतं की उजेड वाढला की उत्पादन वाढतं. म्हणून १९२४ मध्ये प्रयोग सुरू झाले. उजेड वाढवला, उत्पादन वाढलं. कमी केला, तरी वाढलं! दोन कामगार तर जवळजवळ चांदण्याइतक्या उजेडात काम करत राहिले. दिवेवाल्यांची पंचाईतच झाली.

मग १९२७ मध्ये रिले जोडणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं. मधल्या सुट्ट्या दिल्या, खाऊ दिला, कामाचे तास कमी केले. पुढे हे सगळं काढून घेतलं, तरी आठवड्याचं उत्पादन घसरलं नाही. १९२८ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो आले. त्यांच्या संशोधनाला रॉकफेलर घराण्याचा पैसा होता. म्हणजे कारखाना कंपनीचा, विदा कंपनीचा, आणि अर्थ लावणार विद्यापीठ. अर्थ असा लागला की पैशापेक्षा आपुलकी मोठी.

आता बारीक अक्षरातला मजकूर वाचू या. त्या खोलीत पगाराची पद्धतही बदलली होती. आधी मोठ्या गटाच्या कामावर पैसे मिळत, आता या छोट्या गटाच्या कामावर. शिवाय जानेवारी १९२८ मध्ये पाचातल्या दोघींना 'फार गप्पा मारतात' वगैरे कारणांनी बदललं आणि त्यांच्या जागी जास्त चलाख मुली आणल्या. आपुलकी म्हणे!

१९३१-३२ मध्ये चौदा पुरुषांच्या खोलीत तर उलटंच दिसलं. तिथे निरीक्षक बसलेला असूनही कामगारांनी आपसात रोजच्या कामाचा कोटा ठरवला होता. जास्त काम करणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसायचा. जास्त काम दाखवलं तर मालक दर कमी करेल, नाहीतर माणसं कमी करेल, ही त्यांची भीती. ऐन मंदीत ती काही वेडगळ नव्हती.

१९३९ मध्ये या सगळ्यावरचा जाडजूड ग्रंथ आला. एक लेखक हार्वर्डचे रोथलिसबर्गर, दुसरे कंपनीचे डिक्सन. विद्यापीठ आणि उद्योगाच्या भागीदारीचा याहून चांगला नमुना सापडणार नाही. त्यात कामगारांच्या तक्रारींना जागा भरपूर, पण युनियनला जवळजवळ नाहीच, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला.

दिव्यांच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी हरवली असंच बरीच वर्षं समजत होते. ती सापडल्यावर लेविट आणि लिस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये तिचं विश्लेषण छापलं. दिवे बदलले जायचे रविवारी, सुट्टीच्या दिवशी. सोमवारी उत्पादन वाढलेलं दिसायचं. पण सोमवारी ते एरवीही शनिवारपेक्षा जास्तच असायचं, दिवे बदला नाहीतर नका बदलू! आमच्याकडे एखाद्याने असा टेस्ट रिपोर्ट दिला असता तर रिव्ह्यूमध्येच परत गेला असता.

म्हणून हे सगळं थोतांड म्हणायचं का? नाही. कंपनीने दार उघडलं नसतं तर कारखान्याच्या आतलं इतकं तपशीलवार चित्र कुणाला मिळालं नसतं. हजारो कामगारांच्या मुलाखती झाल्या, ठोशांचीही नोंद राहिली. प्रश्न विदेचा नाहीच. 'उत्पादन कसं वाढेल' हा प्रश्न मालकाचा होता, 'वाढलं तर माझी नोकरी राहील का' हा कामगाराचा. भागीदारीत पहिल्याला प्रयोगशाळा मिळाली, दुसऱ्याला ठोसा.

असो. आता पुढच्या वेळी कुणी ऑफिसात सर्व्हेचा फॉर्म पाठवला, तर त्यातले प्रश्न कुणी ठरवले तेवढं जरूर विचारा. उत्तरं नंतर भरू.