एकोणचाळीस इंचांची नळी

गेल्या १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, १८१८ साली आपल्या लोकांच्या हातात बंदूक कसली होती?" मी इतिहास शिकवतो, पण मला सांगता येईना. पलटणीचा क्रमांक पाठ, कप्तानाचे नाव पाठ. हत्यार मात्र ठाऊक नाही. आमच्या गौरवगाथांचे हे जुनेच दुखणे आहे.

ती कंपनी सरकारची 'इंडिया पॅटर्न' बंदूक. आतून गुळगुळीत नळी, लांबी ३९ इंच. इंग्लंडच्या राजाच्या फौजेत आधी ४६ इंची व नंतर ४२ इंची नळी होती. व्यापारी कंपनीने स्वस्तात काम भागवले. दारू पेटली की वायू गोळीला ढकलतो आणि गोळी नळीत असेतोवरच हा रेटा मिळतो. म्हणून लांब नळीत वेग अधिक. पण गोळी पुढे सरकते तसा दाब उतरत जातो आणि शेवटच्या काही इंचांत वेगाची भर थोडीच पडते. त्यातून काळी दारू झटकन जळणारी. नळी आखूड करून फारसे बिघडले नाही. फ्रान्सशी युद्ध पेटून बंदुका पुरेनात, तेव्हा राजाच्या फौजेनेही हीच बंदूक घेतली.

गोळीचा वेग मोजण्याची रीत १७४२ साली बेंजामिन रॉबिन्सने ग्रंथातून मांडली. टांगलेल्या लाकडी लोलकावर गोळी झाडायची आणि तो किती झुलतो ते पाहायचे. रॉबिन्स हा बाथ गावच्या गरीब शिंप्याचा मुलगा. पुढे तो कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेला फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. शिंप्याचा पोर गणित शिकत होता, त्या काळात पेशवाईत आमच्या पूर्वजांना कोणते शिक्षण मिळत होते, हे वाचकांना सांगायला नको.

पुढे एन्फिल्ड आली. तिचीही नळी ३९ इंचच, पण आत पीळ. गोळी गिरक्या घेत सरळ आणि दूर जाई. म्हणजे लांबी हेच सर्वस्व नव्हते. सरकारला हे पक्के कळत होते. म्हणून १८५७ नंतर देशी पायदळासाठी त्याने बाहेरून एन्फिल्डसारखी, आतून गुळगुळीत बंदूक करवली. शिपाई हवा, पण त्याचा नेम आपल्याहून कच्चा हवा!

मग १८८५ ते १८९३ सरसेनापती असलेल्या रॉबर्ट्सच्या काळात 'लढाऊ जमातीं'चे शास्त्र माजले आणि १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी ली-एन्फिल्डची नळी ३०.२ इंचांवरून २५.२ इंच केली, तेव्हा विलायतेत नेमबाजांनी ओरड केली. १९१० साली टोकदार गोळी आली. आखूड नळीतूनही तिचा वेग सेकंदाला सुमारे २,४४० फूट होता. आधीची बोथट गोळी २,००० फुटांच्या आसपास होती. वेग वाढला तो नव्या गोळीने आणि दारूने. पाच इंचांवर एवढा खल करणाऱ्या सरकारने माणसाचे माप मात्र जातीच्या पट्टीने घेतले.

त्याच १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीसाठी विलायत सरकारकडे अर्ज केला. दार उघडले ते महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर, १९१७ साली. '१११ महार्स' पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडली.