नुसत्या कोलांट्या?

परवा रविवारी मावसभाऊ घरी आला होता. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. लहानपणी त्याची रेसलिंगची ट्रम्प कार्डं मला वारशात मिळाली होती (कडा गेलेल्या, अंडरटेकरवर चहाचा डाग), त्यामुळे ह्या विषयात तो माझा गुरू. टीव्हीवर मी विल ऑस्प्रेची एक मॅच लावली होती. दादाने पाच मिनिटं पाहिली आणि निकाल देऊन टाकला, "अरे, ह्या पोरांना स्टोरी सांगताच येत नाही. नुसत्या कोलांट्या!"

वाद दोन तास चालला. जेवण गार झालं. तो गेल्यावर मी रात्री अडीचपर्यंत जुन्या मॅचेस बघत बसलो आणि सोमवारी ऑफिसात डुलक्या काढल्या. त्या जागरणाचा हा हिशोब.

ज्यांनी एव्हाना नाक मुरडलं असेल त्यांच्यासाठी आधीच सांगतो. हो, निकाल ठरलेला असतो. माहीत आहे. नाटकाचाही ठरलेलाच असतो, तरी आपण तिकीट काढून जातोच की. निकाल ठरलेला असल्यामुळेच तर गोष्टीचा प्रश्न येतो. दोन माणसं एकमेकांना का मारतायत, मार लागल्यावर तो लागल्यासारखा दिसतोय का (ह्याला त्या धंद्यात 'सेलिंग' म्हणतात), आणि पाचव्या मिनिटाला दुखावलेला गुडघा विसाव्या मिनिटालाही दुखतोय का, एवढंच बघायचं असतं.

दादाची तक्रार काही नवी नाही. मे २०१६ मध्ये टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये ऑस्प्रे आणि रिकोशे यांची मॅच झाली. दोघं एकाच वेळी हवेत उलटे फिरतात आणि एकाच वेळी पायावर येऊन थांबतात, ती क्लिप जगभर फिरली. नव्वदच्या दशकात गाजलेला व्हेडर ती पाहून भडकला. ही कुस्ती नाही, जिम्नॅस्टिक्स आहे, असा त्याचा एकूण सूर. प्रकरण इतकं तापलं की त्याच ऑगस्टमध्ये लंडनला व्हेडर विरुद्ध ऑस्प्रे अशी मॅचच लावली गेली. म्हातारा जिंकला. पण गंमत बघा, हाच व्हेडर ऐन उमेदीत दोरावर चढून मूनसॉल्ट मारायचा. म्हणजे पाठमोरी कोलांटी, आणि तीही दोनशे किलोंच्या (कंपनीच्या आकड्याप्रमाणे) देहाने!

दादाचा दुसरा मुद्दा असा की जुने लोक रिंगमध्ये उभ्या-उभ्या मॅच रचायचे, हल्लीची पोरं सगळं पाठ करून येतात. इथे मी त्याला पकडला. त्याची स्वतःची सगळ्यात लाडकी मॅच म्हणजे २९ मार्च १९८७ ची, पॉन्टियाक सिल्व्हरडोममधली रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट. ती मॅच सॅव्हेजने आधी कागदावर उतरवली होती. पायऱ्यांना नंबर दिलेले, आणि दोघं एकमेकांची तोंडी परीक्षा घ्यायचे. आपल्या व्हायव्हासारखी.

तरी ती मॅच पाठांतर वाटत नाही. का? काही महिन्यांपूर्वी सॅव्हेजने रिंगसाइडच्या घंटेने स्टीमबोटचा गळा चेचलेला असतो. म्हणून मॅचमध्ये स्टीमबोट संधी मिळताच सॅव्हेजला गळ्याला धरून उचलतो. शेवटी सॅव्हेज पुन्हा तीच घंटा घेऊन दोरावर चढतो, जॉर्ज स्टील त्याला ढकलून देतो, आणि पुढच्या काही क्षणांत स्टीमबोट त्याला गुंडाळून जिंकतो. पंधरा मिनिटांच्या आत सगळा खेळ खलास. पण गळा आणि घंटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहेत. पाठ केलंय की सुचलंय, ह्याच्याशी गोष्टीचा संबंध नाही एवढं तरी दादाने मान्य करावं. (केलं नाही.)

आता त्याचं जे बरोबर होतं ते. त्याने मला २३ मार्च १९९७ ची ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन लावायला लावली. नायक म्हणून आलेला ब्रेट खलनायक होऊन जातो आणि खलनायक ऑस्टिन नायक. रक्ताने माखलेला चेहरा घेऊन ऑस्टिन शार्पशूटरमध्ये अडकलाय, हार मानत नाही, शुद्ध हरपते, रेफरी केन शॅमरॉक मॅच थांबवतो. दादा म्हणाला, "मोज, अवघड उड्या किती मारल्या त्यांनी?" जवळपास एकही नाही. एक पकड आणि एक चेहरा, बास.

इथे मात्र मला उत्तर सुचेना. कारण चालींची पण चलनवाढ होते. पाच-पाच फिनिशर खाऊन माणूस उठायला लागला की सहावा लागतो. आमच्याकडे सगळीच तिकिटं 'पी-वन' झाली की होतं तसं. फरक इतकाच की आमच्याकडे फक्त झोप जाते, तिकडे मान जाते.

मित्सुहारू मिसावाचं बघा. त्याला गोष्ट कळत नव्हती असं कुठलाही जुना माणूस म्हणणार नाही. 'टायगर ड्रायव्हर ९१' ही त्याची चाल. समोरच्याचे दोन्ही हात मागे अडकवून त्याला थेट मानेवर आपटायचं. हात अडकलेले, त्यामुळे सावरायला काही उरत नाही. म्हणून त्याने ती मोजक्याच वेळा वापरली. ३ जून १९९४ ला कावादासमोर पस्तीस मिनिटं झाली, काहीच चालेना, तेव्हा ती बाहेर काढली. आजही ते बघताना पोटात गोळा येतो. म्हणजे मिसावाला चालीची किंमत पक्की ठाऊक होती. आणि तरीही १३ जून २००९ ला हिरोशिमात, मागे उचलून आपटण्याची अगदी रोजचीच चाल बसली आणि तो गेला. वय ४६. गोष्ट उत्तम सांगणाराही शरीरानेच फेडतो. ह्यावर दादाही गप्प बसला.

मिसावाची ही चाल पुढे ऑस्प्रेने घेतली. एप्रिल २०२४ मध्ये ब्रायन डॅनियलसनला त्याने ती लावली, आणि डॅनियलसन पडूनच राहिला (हा कथेचाच भाग). त्यानंतर ऑस्प्रे ती लावायला कचरायला लागला. जुलैमध्ये एमजेएफसमोर, तासभर चाललेल्या मॅचमध्ये, हात अडकवले, जिंकण्याची वेळ आली, आणि हा थबकला. तिथेच हरला. २०१६ ला ज्याला जिम्नॅस्ट म्हणून हिणवलं, तो आठ वर्षांनी एक चाल 'न' मारून गोष्ट सांगत होता. त्या थबकण्यात मला मिसावा दिसला. दादा काहीही म्हणो, हे ज्याला सुचतं त्याला स्टोरी कळत नाही हे मी मानणार नाही. ऑगस्टमध्ये वेम्बलीला मात्र त्याने एमजेएफला ती चाल लावलीच, आणि जिंकला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, मानेच्या दुखण्याने त्याला स्वतःलाच रिंग सोडून ऑपरेशनला जावं लागलं.

दोन्ही मॅचेस दादाला पाठवल्या. बुधवारी रात्री त्याचा मेसेज आला: "थबकला तेव्हा मी पण श्वास धरला, खोटं कशाला बोलू. पण शेवटी आपटलाच ना?"

अजून रिप्लाय दिलेला नाही.