धर्मसंस्था आणि करमुक्ती

राजसत्ता आणि धर्म यांचा संबंध कसा बदलत गेला, हे कराच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. राजपुरा ज्या नगरीचा भाग आहे, ती तापीतीरावरील बुऱ्हाणपूर नगरी या इतिहासाची जुनी साक्षीदार होय. १६७९ मध्ये औरंगजेबाने मुसलमानेतर प्रजेवर जिझिया पुन्हा बसविला आणि १६८१ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर निघालेला तो बादशहा याच नगरीत येऊन राहिला. त्या काळी मनुष्याची श्रद्धाच करास पात्र ठरत होती.

मराठेशाहीत देवस्थानांना व मठांना इनाम जमिनी मिळाल्या. परंतु ती राज्यकर्त्याची कृपा होती. सनद हाच तिचा आधार. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीलाही कागदोपत्री पुरावा द्यावा लागला.

कृपेची जागा हळूहळू कायद्याने घेतली. १८८६ च्या आणि पुढे १९२२ च्या आयकर कायद्याने धार्मिक व धर्मादाय कार्यास लागणारे उत्पन्न करातून वगळले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने प्रत्येक संप्रदायास आपल्या धर्मविषयक बाबी स्वतः पाहण्याचा हक्क दिला. १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला. मात्र मालमत्तेच्या व्यवस्थेवर कायद्याचे नियंत्रण असू शकते, हेही सांगितले.

खरी कसोटी लागते ती वादग्रस्त ठरलेल्या समाजांच्या बाबतीत. दाऊदी बोहरा समाजाचे उदाहरण बोलके आहे. बुऱ्हाणपूरची दर्गा-ए-हकीमी हे त्या समाजाचे श्रद्धास्थान. त्याच्या धर्मगुरूंच्या बहिष्काराच्या अधिकारावरून मोठा वाद झाला आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहिष्कारबंदीचा मुंबईचा कायदा रद्द ठरविला. पुढे रतलामच्या दाऊदी बोहरा जमातीने करमुक्तीसाठी नोंदणी मागितली, तेव्हा ही संस्था एकाच समाजाच्या हितासाठी आहे, असा आक्षेप आयकर खात्याने घेतला. १९६१ च्या कायद्यानुसार एका विशिष्ट धर्मसमाजापुरत्या धर्मादाय संस्थेस सवलत नव्हती. २० फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की संस्थेची उद्दिष्टे धार्मिक व धर्मादाय अशी दोन्ही प्रकारची असून शिक्षण, अन्नदान इत्यादींचा लाभ एका समाजापुरता मर्यादित नाही. आयकर खात्याचे अपील फेटाळले गेले.

या निर्णयात न्यायालयाने संप्रदायाची तत्त्वे लोकांस रुचतात की नाही, हे पाहिले नाही; संस्थेची उद्दिष्टे काय आणि त्यांचा लाभ कोणास, एवढेच पाहिले. आज ज्या संप्रदायाविरुद्ध लोकमत आहे त्याचे संरक्षण याच दंडकाने होते, आणि उद्या लोकमत फिरले तर आपल्या मठाचेही याच दंडकाने होईल. म्हणून दुसऱ्या पंथाची सवलत काढून घ्या अशी मागणी करण्यापूर्वी भाविकाने स्वतःच्या मठाचा विचार करावा.

तथापि सवलतीबरोबर जबाबदारीही येते. कायद्याने चालक व त्यांचे आप्त यांना संस्थेच्या उत्पन्नाचा खाजगी लाभ घेण्यास मनाई केली आहे. भाविकाने देवापुढे ठेवलेला पैसा हा विश्वासाने सोपविलेली ठेव होय. तिचा हिशेब चोख ठेवणे, हाही सेवेचाच भाग आहे.