दानिएल दारियू : केवळ देखणी नटी?

फ्रेंच नटी दानिएल दारियू (१९१७–२०१७) हिला प्रथम लोकप्रियता मिळाली ती विनोदी व प्रेमकथांच्या बोलपटांतून. त्यामुळे देखणी, नाजूक, पण उथळ अशी तिची गणना सहज होते. मला ती मान्य नाही. माक्स ओफ्युल्स यांचा १९५३ चा 'मादाम द...' पाहावा.

एका जनरलची पत्नी कर्जापायी, नवऱ्याने लग्नात दिलेल्या हिऱ्याच्या कुड्या गुपचूप विकते. कपाटातील चीजवस्तूंवरून हात फिरवून ती काय विकावे ते ठरविते. कुड्यांचे तिला विशेष काही वाटत नाही. पुढे फिरत फिरत त्याच कुड्या एक बॅरन तिला भेट देतो. तिचे मन त्याच्यावर जडलेले असते. आता त्या तिला प्राणापलीकडे होतात. दागिना तोच, बाई मात्र बदलली! दारियूने हा पालट आकांडतांडव न करता दाखविला आहे. 'माझे तुमच्यावर प्रेम नाही' असे ती दाराशी उभी राहून पुनःपुन्हा म्हणते, आणि आवाज नेमके उलट सांगतो.

हा आवाज तिचा स्वतःचा. १९६७ च्या 'रोशफोरच्या मुली' या संगीतपटातही प्रमुख नटनट्यांत स्वतः गाणारी ती एकटीच.

उथळ स्त्री रंगविणे म्हणजे उथळ अभिनय नव्हे. दागिन्याचे मोल वजनावर नसते, हे भगिनींना मी काय सांगावे!